बोरवंडीची स्वच्छ हवा

दिपालीने गच्चीवरच्या मशीनचं कव्हर ओढलं तशी त्याची नाडी तुटली. जुन्या इरकली लुगड्याचं दुहेरी कापड, कडेने हातशिलाईचे बारीक टाके, खाली हिरव्या लेसची झालर. मशीन मिठाईच्या खोक्याएवढं, आणि कव्हर नेमकं त्याच्याच मापाचं. कुणीतरी निवांत बसून, माप घेऊन शिवलेलं. तिने ते झटकलं. काळी राख उडाली, तिच्या बाहीवर बसली, थोडी नाकात गेली.

"मावशी, हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

सरजाबाई जिन्याच्या तोंडाशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. मॅडम अशा न सांगता कधी येत नसत, आणि एसटीने तर नाहीच. पाहुणा दारात आणि घर आवरलेलं नाही, एवढीच ओशाळगत त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"खराब होऊ न्हाई म्हणून झाकलं," त्या म्हणाल्या. "फोन आला असता तर काढून ठिवलं असतं की."

"काढून ठेवलं असतं म्हणजे?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. साखर कारखान्याचा सीझन लागला की मशीन झाकायचं. मॅडम महिन्यातून एकदा येणार, आणि यायच्या आदल्या दुपारी त्यांचा फोन येणार, हे ठरलेलं. फोन आला की कव्हर काढायचं, मशीन ओल्या फडक्याने पुसून लख्ख करायचं, आणि जीप गेली की परत घालायचं. घरात टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, शिलाई मशीनला आहे. हे तर विद्यापीठाचं. त्यांच्या गच्चीवर बसवलं तेव्हा मॅडमच म्हणाल्या होत्या, मावशी, जपा, लई महागाचं आहे. त्यांनी जपलं. तीन सीझन जपलं. कव्हर दर आठवड्याला धुतलंसुद्धा.

दिपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनचं एकच काम होतं. हवा आत ओढायची, तिच्यातली बारीक धूळ मोजायची आणि तो आकडा नांदेडला विद्यापीठात पाठवायचा. तीन सीझन त्याने दुहेरी लुगड्यातून गाळलेली हवा मोजली होती. ती सरजाबाईंना नाही नाही ते बोलली. डोकं ठिकाणावर आहे का, म्हणाली. ज्यातलं कळत नाही त्याला हात लावायची हौस कशाला, म्हणाली. माझ्या नोकरीची, नावाची, सगळ्याची माती केली तुम्ही, हेही म्हणाली. खाली गल्लीतल्या दोन बाया घागरी घेऊन थांबल्या आणि वर बघत राहिल्या.

सरजाबाईंनी वाकून तुटलेली नाडी उचलली, बोटाला गुंडाळली आणि चहा ठेवायला खाली गेल्या. आणि वर चहाही ठेवतात, दिपालीला वाटलं, आणि तिला आणखीच संताप आला.

ती टाकीला टेकून सावलीत बसली. समोर उसाच्या फडांपलीकडे कारखान्याची चिमणी काळपट धूर सोडत होती. गाव आणि चिमणी यांच्यामध्ये एक ओढा आणि चार वावरं, बस.

हवेवर कुणी डॉक्टरेट करतं का, असं तिच्या मामाने विचारलं होतं. हवेत काय असतंय शिकण्यासारखं? वडील एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर डिझेलचा धूर गिळून निवृत्त झाले आणि खोकतच गेले, म्हणून तिने मामाला उत्तर दिलं नव्हतं. नांदेडच्या वीटभट्ट्यांच्या धुरावर पीएच.डी. झाली. लातूरच्या डाळ मिलमधल्या भुशावर दोन पेपर झाले. मिलवाल्यांनी फाटकावर अडवलं, एकाने बाटलीतलं पाणी तिच्या कागदांवर ओतलं, तरी झाले. आणि मग मुरुडच्या पुढचा हा साखर कारखाना. विद्यापीठात तिला डॉ. सोनकांबळे म्हणण्यापेक्षा 'धूळवाल्या मॅडम' म्हणणारे जास्त होते. म्हणोत.

बोरवंडीत जो तो सांगायचा, राख पडते. मशीन सांगायचं, हवा चांगली आहे. ती शास्त्रज्ञ होती, तिने मशीनचं ऐकलं. गच्चीवर राख तिलाही दिसायची, पण ती डोळ्याला दिसणारी, जाड. मशीन मोजतं ती छातीत जाणारी बारीक धूळ, आणि ती इथे नाही, असं तिने स्वतःला समजावलं. कारणही शोधून काढलं. चिमणी उंच, वारा जोराचा, बारीक धूळ गावाच्या डोक्यावरून पुढे निघून जाते. पेपर चांगल्या जर्नलमध्ये आला. परदेशातल्या दोघांनी कौतुकाची मेल पाठवली.

आणि आता कारखान्याला गाळप दुप्पट करायचं होतं, शिवाय दारूची भट्टी टाकायची होती. त्यासाठीची जनसुनावणी उद्यावर आली होती. पर्यावरण अहवाल कुणीतरी काल रात्री तिला मोबाईलवर पाठवला. त्यात तिचं नाव जागोजागी. नामवंत शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र अभ्यासानुसार बोरवंडी गावाची हवा स्वच्छ व सुरक्षित आहे. ते वाचून तिला झोप लागली नाही. ती सकाळच्या पहिल्या एसटीने निघाली, लातूरला गाडी बदलली. फोन करायचं सुचलंच नाही. म्हणून कव्हर दिसलं.

तिने लॅपटॉप उघडला. मशीनने पाठवलेला प्रत्येक आकडा त्यात होता, पण भेटीचा आणि त्याच्या आदला, असे दोन-दोन दिवस तिने दर महिन्याला स्वतःच्या हाताने वगळलेले. त्या दिवसांत आकडा एकदम चढायचा, मर्यादेच्या तिप्पट-चौपट. कच्च्या रस्त्याने आपलीच जीप येते, आपलीच धूळ उडते, ती धरायची नाही; भेटीच्या आसपास चढ दिसला की तो अख्खा दिवस बाद. पद्धत म्हणून ते बरोबर होतं. विद्यार्थ्यांनाही ती हेच शिकवायची.

तिने वगळलेले दिवस परत उघडले आणि वेळ बघितली. जीप सकाळी अकराच्या पुढे यायची. आकडा आदल्या दुपारपासून चढलेला. फोन ठेवल्यापासून. दर महिन्याला, प्रत्येक वेळी.

तीन सीझनमध्ये खरी हवा तेवढीच मोजली गेली होती, आणि तेवढीच तिने टाकून दिली होती. तिने कपाळाला हात लावला. आता ओरडायला समोर कुणी नव्हतं.

खाली येऊन तिने चहा घेतला. माफी मागायची होती, तोंडातून निघाली नाही. सरजाबाईंनीच विचारलं की उद्या सुनावणीला येणार का. त्यांचा मुलगा वैजनाथ कारखान्यात कंत्राटावर होता, उद्याच्या मंडपाचं काम त्याच्याकडेच होतं, घरची सगळी जाणार होती. औंदा त्याला कायम करणार म्हणून कारखान्याच्या साहेबांनी शब्द दिला आहे, असंही त्या म्हणाल्या. दिपालीने कप खाली ठेवला. कव्हर कुणी घातलं ते उद्या सांगायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

लातूरच्या लॉजवरून तिने शेषेराव बिरादार सरांना फोन लावला. ते तिचे मार्गदर्शक, पेपरवर तिच्या नावाखाली त्यांचं नाव. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की उद्या तिकडे जायचंच नाही. पुढच्या महिन्यात तिची प्राध्यापकपदाची मुलाखत होती. जर्नलला वर्ष-सहा महिन्यांनी एक दुरुस्ती पाठवू, चार ओळींची. कुणी वाचत नसतं.

"तोवर कारखाना उभा राहील, सर."

"कारखाना तसाही उभा राहणार आहे. तुझा पेपर असो की नसो. आपला पेपर चुकला म्हणून माईकवर जाऊन सांगणारा शास्त्रज्ञ बघितलायस कधी?"

तिने बघितला नव्हता. तिने फोन ठेवला आणि बराच वेळ लॉजच्या मोरीत तोंड धूत राहिली. तिला सरांचा राग आला. वर्षभरानंतरच्या चार ओळी तिला क्षणभर बऱ्या वाटल्या होत्या, त्याचा जास्त आला.

सुनावणीचा मंडप कारखान्याच्याच आवारात होता. पुढे संचालकांना गादीच्या खुर्च्या, त्यांच्यामागे निळ्या शर्टातले कामगार, बाजूला उसाचे बागायतदार, आणि सगळ्यात मागे ताडपत्रीवर बाया. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बुंदी आणि चिवड्याची पुडी. स्टेजवर जिल्ह्याहून आलेले साहेब आणि त्यांचा लिहून घेणारा कारकून. वैजनाथ निळ्या शर्टात माईक घेऊन फिरत होता. आधी मॅनेजरकडे बघायचा, मॅनेजरने मान हलवली की त्या माणसाकडे माईक न्यायचा. ज्यांच्याकडे माईक जाई ते सगळे रोजगाराबद्दल बोलत. राखेबद्दल बोलणाऱ्याकडे माईक पोचतच नव्हता. दिपालीला हे दहा मिनिटांत कळलं.

अहवाल करणाऱ्या कंपनीचा सल्लागार उभा राहिला. त्याने पडद्यावर तिचा पेपर दाखवला, तिचं नाव आदराने घेतलं आणि मॅडम स्वतः आज आपल्यात आहेत म्हणून टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या वाजल्या. तिने हात वर केला. मॅनेजरने हसून मान हलवली आणि वैजनाथने तिला माईक आणून दिला.

"हा पेपर चुकीचा आहे," ती म्हणाली. "मी लिहिलेला आहे, म्हणून सांगते. तो धरू नका."

पुढच्या रांगेतली पुड्यांची कुरकुर थांबली. तिने सांगितलं, सोप्या मराठीत, जितकं सोपं करता येईल तितकं. सीझनभर मशीनवर जाड कापड होतं. ते फक्त माझ्या भेटीच्या आदल्या दिवसापासून निघायचं. त्या दिवसांचे आकडे मर्यादेच्या तिप्पट-चौपट आहेत आणि ते मी जीपची धूळ समजून टाकून दिले. जीप यायच्या कितीतरी आधीपासून आकडा चढलेला आहे, तेव्हा ती जीपची धूळ नाही. तीच बोरवंडीची खरी हवा आहे.

सल्लागार दमदार गडी होता, गडबडला नाही. त्याने विचारलं की मशीन कोणी झाकलं.

"ते महत्त्वाचं नाही. मशीन माझं, जबाबदारी माझी."

"म्हणजे नाव नाही."

"नाही."

मग तो साहेबांकडे वळला आणि फार सौम्य आवाजात बोलला. मॅडमना गेली तीन वर्षं जे खरं वाटत होतं ते आज सकाळी खोटं वाटायला लागलं आहे. कुणीतरी, ज्याचं नाव नाही, काहीतरी झाकलं, जे कुणी बघितलेलं नाही. उरलेले मोजके दिवस मॅडमनीच एकदा बाद केलेले आहेत. मग यांचं नेमकं कोणतं संशोधन धरायचं, तेवढं मॅडमनीच सांगावं. पुढच्या खुर्च्यांमध्ये हशा पिकला. एक संचालक तर मांडीवर थाप मारून हसला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस दिसत नव्हते, नुसते दमलेले दिसत होते. त्यांनी तोडगा काढला की मॅडमचा पेपर बाजूला ठेवू, बाजूनेही नको आणि विरोधातही नको. बाकी अहवाल आहे तसा पुढे जाईल. मॅडमचं म्हणणं एवढंच लिहायचं का, की त्यांचं संशोधन विश्वासार्ह नाही?

"लिहा," दिपाली म्हणाली.

कारकुनाने लिहिलं. वैजनाथने तिच्या हातातून माईक काढून घेतला, तिच्या तोंडाकडे न बघता. ती खाली बसली. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. बारा वर्षांचं काम एका ओळीत गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात गावाला काहीही मिळालं नव्हतं. नाव सांगितलं असतं तर, असा विचार एकदा मनात आला. तिने तो झटकून टाकला. या हसणाऱ्या माणसांच्या तोंडी त्या बाईला द्यायचं तिला मान्य नव्हतं.

मागे ताडपत्रीवर हालचाल झाली. सरजाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी हात वर केला नव्हता, नुसत्या उभ्या होत्या. शेजारणीने पदर ओढून खाली बसवायचा प्रयत्न केला, त्यांनी पदर सोडवून घेतला. वैजनाथ मंडपाच्या मधोमध माईक धरून थांबला. त्याने सवयीने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने मान हलवली, या वेळी आडवी. सगळा मंडप वैजनाथकडे बघत होता. त्याने एकदा मानेवरचा घाम पुसला, आणि मग तो खुर्च्यांच्या मधल्या वाटेने मागे चालत गेला. मॅनेजरने त्याला नावाने हाक मारली. त्याने वळून बघितलं नाही.

आईला माईक कसा धरायचा ते माहीत नव्हतं. त्यानेच तो तिच्या तोंडासमोर धरला.

"झाकलं ते म्या," सरजाबाई म्हणाल्या. आवाज भोंग्यातून एवढा मोठा आला की त्या दचकल्या, मग हळू बोलल्या. "ह्या मॅडम काल लई बोलल्या मला. बरुबर हाय त्यांचं. पर नाव का घेईनात ते कळंना मला. म्या काय चोरी केली?"

साहेब पुढे झुकले. त्यांनी विचारलं, आजी, मशीन झाकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? कारखान्याच्या कुणी, किंवा आणखी कुणी?

"सांगायला कशाला पायजे, सायेब?" त्यांना तो प्रश्नच समजला नाही असं दिसलं. "सीझन लागला की आमी समदंच झाकतो. पाण्याची टाकी झाकतो. पीठ झाकतो. भाकरी केली की टोपलं झाकतो, न्हाई तर काळी होती. नातीच्या पाळण्यावर ओलं लुगडं टाकतो, सांजच्याला ते काळं निघतंय, धुतो, परत टाकतो. समद्या गावात ह्येच हाय. मग मशीन तेवढं उघडं ठिवू का?"

कुणी हसलं नाही. ताडपत्रीवरची एक म्हातारी, बसल्या जागेवरून, माईकशिवाय म्हणाली की आमच्यात बी पाळण्यावर टाकत्यात. मग तिच्या मागची. मग पलीकडच्या कोपऱ्यातून कुणीतरी. सल्लागार कागद चाळू लागला, पण तो नेमकं काय शोधत होता ते त्यालाही माहीत नसावं. वैजनाथ माईक धरून तसाच उभा होता. त्याची मान खाली होती आणि हात मात्र हलत नव्हता.

साहेबांनी कारकुनाला लिहायची खूण केली. तो भराभर लिहीत सुटला. टाकी, पीठ, भाकरी. मग त्याने पेन थांबवलं आणि स्टेजवरूनच हळू आवाजात विचारलं,

"साहेब, पाळण्याचं पण लिहू?"

साहेबांनी पुन्हा चष्मा काढला. दिपाली कधी उभी राहिली ते तिला कळलं नाही. तिच्याकडे माईक नव्हता. तिने तो मागितलाही नाही.

"आधी तेच लिहा," ती म्हणाली.